कलाकाराचा तास

(एका चित्रकला शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते सर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. वेळापत्रकात आठवड्याचे मोजके तास त्यांच्या नावावर. बाकी फळ्यावरचा सुविचार, स्नेहसंमेलनाचं नेपथ्य, प्रमाणपत्रांवरची नावं, विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते आणि रजेवर गेलेल्या शिक्षकांचे वर्ग, हे सगळं त्यांच्याकडेच. महाराष्ट्रातल्या बहुतेक ड्रॉइंग मास्तरांची नोकरी अशीच गेली. तरीही या माणसांमुळे एक गोष्ट आपल्याकडे पक्की रुजली. शाळेत एक कलाकार असतो, तो पगारावर असतो आणि त्याचा तास वेळापत्रकात असतो. मुंबईत 1857 साली सर जे.जे. कलाशाळा सुरू झाली. पुढे कलाशिक्षक तयार करणारे अभ्यासक्रम आले, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षा आल्या. ज्या घरात रंगाची पेटी कधी आली नव्हती, तिथल्या मुलालाही स्थिरचित्र आणि स्मरणचित्र म्हणजे काय ते कळलं, ते या मास्तरांमुळे.

आज मी बोलणार आहे तो विषय याच व्यवस्थेच्या पुढचा आहे. शाळेबाहेर, गावात, तालुक्यात जे कलाकार आहेत, म्हणजे मूर्तिकार, कुंभार, तारपा वाजवणारे, दशावतारी, शाहीर, नाटकवाले, वारली चित्रं काढणाऱ्या बायका, त्यांची आणि शाळेची भागीदारी कशी व्हावी? कलाकारांना शाळेत बोलवा, असं आवाहन करायला मी उभा नाही. कलाकार शाळेत येतच असतात. ते आल्यामुळे शाळेच्या वेळापत्रकात, खर्चाच्या हिशेबात आणि शिक्षकाच्या रोजच्या कामात काही हललं का, एवढंच मला विचारायचं आहे. काहीच हललं नसेल तर शाळेने एक कार्यक्रम केला, इतकंच. भागीदारी झाली नाही.

आधी आज काय चालतं ते पाहू. डिसेंबर उजाडला की शाळेत गॅदरिंगची धांदल सुरू होते. डान्स बसवायला बाहेरून एक 'सर' येतात. बहुतेक वेळा ते जवळच्याच वस्तीतले, पंचवीस-तिशीतले तरुण असतात. पंधरा दिवसांत ते सात-आठ वर्गांची गाणी बसवतात. साठ मुलं एकाच वेळी हलवतात, कोण कुठून आत येणार आणि कोण कुठून बाहेर जाणार ते डोक्यात ठेवतात. ज्याला ताल कळत नाही त्याला ते ताल कळणाऱ्याच्या मागे उभा करतात, त्याला वाईट वाटू देत नाहीत. वर्ग हाताळण्याचं हे कसब शिक्षणशास्त्राच्या पदविकेत शिकवत नाहीत. माझ्या मते आज महाराष्ट्रात शाळेत जाऊन शिकवणाऱ्या कलाकारांचा सर्वांत मोठा वर्ग हाच आहे. पण आपण त्यांना तसं मानत नाही. त्यांच्याकडून गाणी बसवून घेतो, ड्रेपरीवाल्याबरोबर त्यांचेही पैसे देऊन टाकतो आणि जानेवारीत त्यांना विसरतो. या काळात वर्गशिक्षक काय करतात? कोपऱ्यात बसून वह्या तपासतात.

ऑगस्टमध्ये शाडूच्या गणपतीची कार्यशाळा होते. मूर्तिकार मळलेली माती घेऊन येतात, दोन तासांत प्रत्येकाच्या पाटावर एक गणपती तयार होतो, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. ओली माती वाळताना आकसते. सोंड पातळ आणि पोट जाड असेल तर दोन्ही सारख्या वेगाने वाळत नाहीत, म्हणून सांध्यावर तडा जातो. हा तडा दिसतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर मूर्तिकार दुसऱ्या शाळेत पोचलेले असतात. मातीचं खरं शिक्षण त्या तड्यापासून सुरू होतं आणि आपली कार्यशाळा त्याच्या आधी संपलेली असते. मूर्तिकाराकडे त्या तड्याचं उत्तर आहे. शाळेकडे फक्त त्यासाठी चौथा दिवस नाही.

तिसरा प्रकार शाल-श्रीफळाचा. जिल्ह्यातल्या एखाद्या नामवंत लोककलावंताला वार्षिक समारंभाला बोलवायचं, त्यांच्याकडून वीस मिनिटं ऐकायचं, सत्कार करायचा. यात आदर आहे, पण ही कला मुलांच्या हातात काही पडत नाही.

आता ज्या ठिकाणी शाळा आणि कलाकार खरोखर एकत्र आले, अशा काही जागा पाहू. पहिली सगळ्यांना माहीत असलेली, पण आपण ती या अंगाने कधी पाहत नाही. दादरची छबिलदास शाळा. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी 1971 मध्ये 'आविष्कार' ही नाट्यसंस्था सुरू केली आणि 1974 पासून त्यांचे प्रयोग छबिलदासच्या सभागृहात होऊ लागले. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास लिहिताना आपण 'छबिलदास चळवळ' म्हणतो. ती चळवळ एका शाळेच्या इमारतीत, बाकं सरकवून केलेल्या जागेत वाढली, हे मात्र सहज बोलून पुढे जातो. ती जागा सुटल्यावरही 'आविष्कार'ला आसरा मिळाला तो माहीमच्या म्युनिसिपल शाळेत.

छबिलदासमध्ये आणखी एक गोष्ट होती. सुलभाताई त्या शाळेत शिक्षिका होत्या. मुलांकडून नाटकं करून घेता घेता त्या रंगभूमीवर पोचल्या आणि मोठं नाव झाल्यावरही त्यांनी मुलांचं नाटक सोडलं नाही. 'चंद्रशाला' ही 'आविष्कार'ची मुलांची शाखा त्यांच्यामुळे उभी राहिली आणि 'दुर्गा झाली गौरी' सारखं नृत्यनाट्य मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्या करत आल्या. शाळेला नाटकाची भाषा कळणारं आणि नाटकवाल्यांना शाळेची घंटा कळणारं एकच माणूस दोन्हीकडे होतं. भागीदारी करारावर सह्या झाल्या म्हणून टिकत नाही. ती अशा दुव्यावर टिकते. असं माणूस नशिबाने मिळालं तर उत्तमच. न मिळालं तर ते जाणीवपूर्वक नेमावं लागतं, याकडे मी पुढे येईन.

दुसरी जागा डहाणू तालुका. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात. तेव्हा या बायकांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा हे त्यांनी केलेलं मोठं धाडस होतं. मुलांच्या दिवसाप्रमाणे शाळेने आपला दिवस बदलला. शिंपले, बिया, पानं, काड्या यांतून शिकवण्याची साधनं केली. ज्या मातीत आपली बालवाडी वाढली, तिथेच आज आपण म्हणतो की कलाकाराला अकराच्या ठोक्याला यायला जमत नाही म्हणून उपक्रम रद्द. हे मला पटत नाही.

याच तालुक्यात गंजाडला वारली चित्रकार जिव्या सोमा मशे राहत. 1934 चा जन्म, 2011 मध्ये पद्मश्री, 2018 मध्ये निधन. वारली चित्रं मुळात लग्नघरातली. सवाशिणी भिंतीवर चौक लिहीत, त्यात पालघाट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत विधी करी. शेणामातीने सारवलेली भिंत, गेरू, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून केलेली बांबूची काडी एवढंच सामान. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींसारख्या माणसाने ही चित्रं कागदावर यावीत म्हणून प्रयत्न केले. जिव्या मशेंनी ती कागदावर आणि कापडावर आणली, त्यांना विधीच्या बाहेरचे विषय दिले आणि जगभर नेली.

आज राज्यात वारली नक्षीची कुंपणभिंत नसलेली शाळा शोधावी लागेल. बहुतेक ठिकाणी ती ठेका घेतलेल्या पेंटरने स्टेन्सिलने काढलेली असते. त्रिकोणावर त्रिकोण ठेवला की माणूस झाला, माणसांचं वेटोळं काढलं की तारपा नृत्य झालं. आता समजा, डहाणू किंवा जव्हारच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत गावातलीच एक बाई, जिच्या हाताने अनेक चौक लिहिले गेले आहेत, ती पाचवीच्या वर्गात आठ आठवडे आली. पहिले दोन तास भिंत सारवण्यात आणि पीठ कालवण्यात जातील. पीठ पातळ झालं तर रेघ ओघळते, घट्ट झालं तर काडी अडते. मग ती मुलांना त्रिकोणापासून सुरुवात करू देणार नाही, कारण चौकाची चौकट आधी येते आणि तिला क्रम आहे. देवी कुठे बसते, सूर्य-चंद्र कुठे, झाडं कधी, हे ती सांगेल. काही गोष्टी लग्नाशिवाय लिहायच्या नाहीत, असंही सांगेल. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एखाद्या कलेला मर्यादा असते, ती कुणाची तरी असते आणि सगळं सगळ्यांनी कुठेही वापरायचं नसतं, हे मुलांना पेंटरच्या भिंतीवरून कधीच कळणार नाही.

आणि वर्गात त्या बाईच्या नात्यातलं मूल असेल. एरवी प्रमाण मराठीत अडखळणारं. आज मात्र चौकाचे शब्द त्याला येतात आणि गुरुजींना येत नाहीत. वर्गातला ज्ञानाचा उतार काही तासांपुरता उलटा होतो. पण त्यासाठी गुरुजींनी वर्गात थांबायला हवं.

तिसरी जागा कोकणातली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. गुरांच्या गोठ्यात त्यांनी या कलेचं संग्रहालय उभं केलं. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत. एका आख्यानाची चित्रं क्रमाने लावलेली, एक चित्र समोर धरायचं, त्यावर बोलायचं, गायचं आणि मग पुढचं काढायचं.

मराठीच्या शिक्षकांनो, तुमच्या अभ्यासक्रमात 'चित्रवर्णन' आहे, 'कथाकथन' आहे, 'मुद्द्यांवरून गोष्ट' आहे. आपण ती मुलांकडून लिहून घेतो. चित्रकथी ती उभं राहून, समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहून, टाळ आणि हुडुकाच्या साथीने करतो. चित्र एकच आहे, पण त्यावर दोन मिनिटंही बोलता येतं आणि अर्धा तासही. चित्रात काय दिसत नाही ते बोलून भरायचं आणि जे दिसतं ते पुन्हा सांगत बसायचं नाही, ही त्यातली मेख. सातवीच्या मुलांनी आपल्याच गावच्या घडामोडींची पाच-सहा चित्रं काढली, त्यांचा क्रम लावला आणि वर्गासमोर उभं राहून ती सांगितली, तर मराठीचा तास वाया गेला असं कोण म्हणेल? चित्रकथी मुलांना सांगणं शिकवेल, मराठीच्या बाई त्या सांगण्याचं लेखन करून घेतील. यातली कुठलीच बाजू एकट्याला जमण्यासारखी नाही. भागीदारी हा शब्द इथे वापरायला मला संकोच वाटत नाही.

आता जरा अडचणीचं बोलतो. महाराष्ट्रातली बरीच लोककला जातीला बांधलेली आहे. गोंधळी, वासुदेव, चित्रकथी, हलगीवाले, तमाशातल्या कलावंतिणी यांना त्या त्या जातीचं काम म्हणून कला करावी लागली. त्या कलेपायी मान जितका मिळाला तितकाच अपमानही. शाळेने हलगीवाल्याला बोलावलं की वर्गात त्याची जातही बोलावली जाते. मुलं टाळ्या वाजवतील, पण मधल्या सुट्टीत त्याच्या भाच्याला काय म्हणतील? 'लोककला' या गोड शब्दाखाली हा प्रश्न झाकला जातो. माझ्या मते उत्तर एकच आहे. हलगी सगळ्यांच्या हातात द्यायची. ज्याच्या घरात ती आहे त्याला 'तू वाजव' म्हणून पुढे करायचं नाही. ज्यांच्या घरात ती कधी शिवली गेली नाही, त्यांना ती शेकायला, ताणायला आणि वाजवायला शिकवायचं, आणि हे शिकवणारा माणूस मुलांनी 'सर' म्हणून हाक मारावी असा त्याचा हुद्दा ठेवायचा. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी शाहिरी कामगारांच्या मैदानात नेली, तेव्हा तिचा बाज राहिला आणि मालकी बदलली. शाळेला तेच करता यायला हवं. कलाकार उपस्थित, पण कला त्याच्याच जातीपुरती, अशी व्यवस्था शाळेने चालवायची असेल तर न बोलावलेलं बरं.

शाळेत आल्यावर कलाही बदलते, हेही मान्य करायला हवं. बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा 1886 मध्ये सुरू झाली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं घराण्याच्या उंबऱ्याबाहेर, फी भरून कुणालाही शिकता येईल अशा वर्गात आलं. त्यासाठी स्वरलेखन लागलं, पाठ्यपुस्तकं लागली, परीक्षा लागल्या. मध्यमवर्गातल्या मुलींना गाणं शिकण्याची वाट त्यातूनच मोकळी झाली. दुसऱ्या बाजूला, परीक्षेपुरता राग शिकण्याची सवयही त्यातूनच लागली. म्हणून आज जेव्हा कलाकाराचं ज्ञान शाळेच्या साच्यात घालायची घाई होते, 'तुमच्या कलेचा आठ तासांचा पाठ लिहून द्या' म्हटलं जातं, तेव्हा सावध राहावं. काही गोष्टी लिहून देता येतात. बाकीच्या त्याच्या शेजारी बसूनच येतात.

बाहेरच्या देशांचे तीन अनुभव मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांतून आपल्याला थेट उपयोगी पडेल असं काही मिळतं.

उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराने 1963 पासून नगरपालिकेच्या बालशाळा काढल्या. लोरिस मालागुत्सी त्यांचे मार्गदर्शक. त्यांनी प्रत्येक शाळेत चित्र-शिल्पाची एक कार्यशाळा आणि तिथे कायमचा एक कलाकार असावा, असा आग्रह धरला. डायना नावाच्या शाळेत वेया वेक्की 1970 पासून अशा कलाकार म्हणून होत्या आणि दशकानुदशकं त्यांनी तिथेच काम केलं. तिथला कलाकार मुलांना चित्रं काढायला शिकवून थांबत नाही. मुलं काय करतात, काय बोलतात ते टिपतो, फोटो काढतो आणि शिक्षकांबरोबर बसून उद्या काय करायचं ते ठरवतो. कलाकार आणि शिक्षक एकत्र बसतात तो वेळ त्यांच्या कामाचा भाग धरला जातो, त्यासाठी कुणाला घरचा वेळ मोडावा लागत नाही.

दुसरा अनुभव न्यूयॉर्कचा. 1975 च्या सुमारास त्या शहराचं दिवाळं निघायची वेळ आली आणि शाळांतले कलाशिक्षक कमी केले गेले. ती पोकळी पाहून ॲग्नेस गुंड यांनी 1977 मध्ये 'स्टुडिओ इन अ स्कूल' ही संस्था काढली आणि व्यावसायिक चित्रकारांना शाळांत पाठवलं. काम चांगलं झालं, आजही चालू आहे. पण त्याचा जन्म शिक्षकांच्या कपातीतून झाला, हे विसरू नये. बाहेरचा कलाकार जेव्हा शिक्षकाच्या रिकाम्या खुर्चीत बसतो, तेव्हा ती खुर्ची भरायची गरज सरकारला वाटेनाशी होते.

तिसरा इंग्लंडचा. 'क्रिएटिव्ह पार्टनरशिप्स' हा कार्यक्रम 2002 मध्ये सुरू झाला. त्यात शाळा आणि कलाकार यांच्यामध्ये एक मध्यस्थ असे. तो आधी शाळेला विचारी की तुमची नेमकी अडचण काय, आणि मग तिला जुळणारा कलाकार शोधी. सुलभाताईंसारखं माणूस नशिबाने न मिळाल्यास काय करायचं, याचं हे एक उत्तर. पण 2011 मध्ये सरकारी निधी थांबला आणि देशभरातली ही व्यवस्था गुंडाळली गेली. एकाच अनुदानावर उभं केलेलं काम एका अर्थसंकल्पात पडतं.

आता घरी येऊ. शिक्षणहक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलं आहे. म्हणजे बाहेरच्या कलाकाराला शाळेत आणण्याचं दार कायद्यातच आहे. आपल्याकडे अंशकालीन निदेशक नेमले गेले, पण तुटपुंज्या मानधनावर, दरवर्षी टांगत्या तलवारीखाली. त्यातल्या अनेकांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. शंभरच्या आतल्या पटाच्या शाळांना, म्हणजे आपल्या बहुसंख्य खेड्यांतल्या शाळांना, तर तेही नाहीत. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, आकडा बसला नाही की कलेचं पद जातं. मग चित्रकलेचा तास कागदावर असतो आणि वर्गात गणिताचा सराव चालतो.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये तीन तरतुदी आपल्या विषयाच्या आहेत. स्थानिक कलांतल्या जाणकारांना शाळेने शिकवायला नेमावं, शाळेत किंवा शाळासंकुलात निवासी कलाकार असावा, आणि सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना असावेत, त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन काम शिकावं. राज्याने 2024 मध्ये शाळांसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आणला. कागद चांगला आहे. माझी भीती न्यूयॉर्कवाली आहे. स्थानिक कलाकाराला तासाच्या हिशेबाने बोलावलं की कलाशिक्षकाचं पद भरायची गरज नाही, असं एखाद्या परिपत्रकात लिहिलं जाईल. म्हणून स्पष्ट सांगतो, ज्या शाळेत कलाशिक्षक आहे तिथेच बाहेरचा कलाकार खरा फळतो, कारण तो गेल्यावर काम पुढे नेणारं कुणीतरी असतं. कलाशिक्षकाच्या जोडीला कलाकार हवा, त्याच्या बदल्यात नको.

प्रत्यक्ष करायचं कसं? सभेत बसलेल्या मुख्याध्यापकांसाठी एवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, कलाकाराचं पंचांग पाहा. दशावतारी मंडळींच्या जत्रा दिवाळीनंतर सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत ते रात्र रात्र उभे असतात. त्यांना जानेवारीत सकाळच्या शाळेत बोलावणं म्हणजे क्रूरपणा. जून ते सप्टेंबर ते मोकळे असतात. गणपतीच्या मूर्तिकारांचं उलटं, त्यांना आषाढ-श्रावणात श्वास घ्यायला वेळ नसतो, गणपती गेल्यावर बोलवा. वारली आणि कोकणा घरं पावसाळ्यात शेतात असतात. तारप्याचे दिवस कापणीच्या सुमाराचे. शाळेचं वार्षिक नियोजन जूनमध्ये होतं, तेव्हाच ही तिथी-मिती समोर ठेवली तर निम्मी अडचण सुटते.

दुसरी, पसरट करू नका. सबंध शाळेला एक दिवस देण्यापेक्षा एका वर्गाला आठ-दहा आठवडे द्या, आठवड्यातून एक जोडतास. मातीला तडा जायला आणि तो बुजवायला एवढा वेळ लागतोच.

तिसरी, शिक्षकाने वर्गात थांबायचं, आणि हात घाण करायचे. वर्ग सांभाळणं शिक्षकाचं, कसब शिकवणं कलाकाराचं. पुढच्या वर्षी कलाकाराशिवाय त्यातला काही भाग शिक्षकाला स्वतः करता आला, तर भागीदारी यशस्वी झाली असं मी म्हणेन. स्पर्धेतलं बक्षीस याची कसोटी नाही.

चौथी, पैसे. मानधन, येण्याजाण्याचा खर्च, साहित्य आणि नियोजनाच्या बैठकीचेही पैसे. ते वेळेवर, हातात, पावतीसकट. ज्या माणसाचं पोट रोजच्या कामावर आहे त्याला 'सेवाभावाने या' म्हणण्याचा हक्क पगारदारांना नाही.

पाचवी, आधी ठरवा की मुलांना काय यायला हवं. कलेने गणिताचे गुण वाढतात, असा दावा करून कलाकाराला आत आणू नका. गुण वाढले नाहीत तर त्याच दाव्याने त्याला बाहेर काढलं जाईल. चित्रकथी आला म्हणून मुलांना उभं राहून गोष्ट सांगता आली, एवढं म्हणणं खरं आहे आणि पुरेसं आहे.

यावर मला नेहमी एक प्रश्न येतो: पोर्शन कधी पुरा करायचा? मी उलट विचारतो की गॅदरिंगच्या तयारीला किती दिवस जातात? त्या दिवसांचा कुणी हिशेब मागत नाही. तेच दिवस वर्षभर पसरा. तोच डान्स बसवणारा तरुण जुलैपासून आठवड्याला एकदा येऊ द्या. मुलांनी स्वतः गाणं निवडावं, स्वतः हालचाली रचाव्यात, त्याने फक्त दुरुस्त करावं. जानेवारीत मुलांनी बसवलेलं सादर होईल. थोडं वाकडं असेल, पण त्यांचं असेल. पालकांना ते चालेल का? पहिल्या वर्षी कुरकुर होईल. दुसऱ्या वर्षी 'आमच्या पोरीने बसवलं' असं तेच सांगत सुटतील.

शेवटी, हे सगळं करायचं कुणी? सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा तयार करण्याचं काम याच समितीचं. या पालकांमध्ये कुणी मूर्तिकार आहे, कुणाची आजी ओव्या सांगते, कुणी भजनात पखवाज वाजवतो, कुणी टोपल्या विणते. आपण त्यांना सहीपुरतं बोलावतो. पुढच्या सभेत त्यांना एकच प्रश्न विचारा: तुमच्या हातातलं काय या शाळेत शिकवता येईल आणि कोणत्या महिन्यात? मग ते नाव, तो वर्ग, ते आठवडे आणि तो खर्च शाळा विकास आराखड्यात लिहा आणि ठराव करा. आराखड्यात लिहिलेल्या गोष्टीचा पुढच्या वर्षी जाब विचारता येतो, मुख्याध्यापक बदलले तरी आणि योजना बदलली तरी. सरांच्या नोकरीत त्यांचा तास वेळापत्रकात छापलेला होता, म्हणून तो कुणाला सहज खोडता आला नाही. गावातल्या कलाकाराचाही तास छापायला लावा. इतकं झालं की उरलेलं काम तो आणि मुलं मिळून करतील.